बोर्निओत मला किरण म्हणायचे

माझी मुलगी गेली आणि तिच्या जागेवर मी बोर्निओला गेलो.

असं काही मला नोकरीत असताना कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला टेबलासमोरून हाकललं असतं. पण झालं ते असं.

आज किरणला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किरण आमची एकुलती एक. जनावरांची डॉक्टर. यवतमाळहून रोज घाटंजीला जायची, एका दवाखान्यात. संध्याकाळी आली की अंगाला शेणाचा आणि औषधाचा वास, आणि तशीच सोफ्यावर बसायची. सुनंदा, म्हणजे तिची आई, ओरडायची की आधी आंघोळ कर. ही म्हणायची, आधी चहा.

तिला दोन महिने बोर्निओच्या जंगलात जायचं होतं. तिथे वन्यप्राण्यांचं एक रेस्क्यू सेंटर आहे. शिकाऱ्यांकडून, लोकांच्या घरातल्या पिंजऱ्यांतून सोडवलेली ओरांगउटान माकडं आणि अस्वलं तिथे ठेवतात. जमलं तर पुन्हा जंगलात सोडतात. ही व्हॉलंटियर म्हणून जाणार. मी म्हटलं, इथली जनावरं संपली काय?

"बाबा, दोनच महिने. घाटंजीच्या म्हशी कुठे पळून नाही जात."

सिलेक्शन झालं. तारीख ठरली.

मग आर्णी रोडवर तिची स्कूटी घसरली.

बस. एवढंच.

तेराव्यानंतरही लोक येत राहिले. चांगली माणसं. "कसं झालं हो?" विचारायची आणि मी सांगायचो. दर वेळी त्याच शब्दांत, डिक्टेशन दिल्यासारखं. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

आणि घरात तिचं नाव घेणं बंद झालं.

सुनंदाने मला कधी नावाने हाक मारली नाही. किरण झाल्यापासून मी "किरणचे बाबा" होतो. आता नुसतं "ऐकलं का". पाहुणे तिच्याबद्दल बोलताना नुसतं "ताई" म्हणायचे. चौकात किरण जनरल स्टोअर्स आहे, ते आमच्यासमोर "कोपऱ्यावरचं दुकान" झालं. सगळे आम्हाला जपत होते. मीही सुनंदाला जपत होतो.

अशात सेंटरचा मेल आला. डिअर किरण, गमबूट आणायला विसरू नका.

ती येऊ शकणार नाही असं कळवायला बसलो. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत शिकलेल्या इंग्रजीत, विथ रेफरन्स टु युवर मेल वगैरे. आणि शेवटी लिहून बसलो की तिच्याऐवजी मी आलो तर चालेल का. का लिहिलं, ते आजही सांगता येत नाही.

उत्तर आलं, या.

सुनंदाला वाटलं मला वेड लागलं. मग तिची बहीण सोबतीला राहायला आली, तेव्हा सुनंदाच म्हणाली, "जा. इथं बसून तरी काय करून राह्यले तुमी?"

तिथे मला बरं वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि ते कोणाला खटकलं नाही.

पिंजऱ्यांजवळ बोलायचं नाही असा नियम. तोंडाला मास्क. जनावराला माणसाच्या चेहऱ्याची, आवाजाची सवय लागली की ते जंगलात टिकत नाही. खाणंही हाताने द्यायचं नाही. मी पपई कापायचो, रताळी कापायचो आणि बांबूच्या नळ्यांत कोंबायचो, म्हणजे त्यांनी बोटं घालून शोधून खावं.

पायाला जळवा लागायच्या. रक्त दिसायचं, दुखायचं नाही.

पहिल्याच दिवशी किचनच्या बोर्डावर कामं लिहिली होती. पपई, किरण.

ऑफिसला सगळं माहीत होतं, पण किचन सांभाळणाऱ्या जेनीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने मला पाहून विचारलं, यू आर किरण?

मी "नो" म्हणायला तोंड उघडलं आणि "येस" म्हणालो.

किचनला पत्र्याचं छत. पाऊस रोजचा, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागे. किरण, सुरी आण. किरण, अस्वलाची बादली. किरण, जेवायला चल. आमच्या घरात जे नाव कोणी घेत नव्हतं, ते ही परकी माणसं दिवसभर मोकळ्या गळ्याने घ्यायची. मी प्रत्येक हाकेला जायचो. सुरी न्यायचो.

सुनंदाला यातलं काही सांगितलं नाही. फोन करायला मुद्दाम लांब जायचो.

एक दिवस पाऊस फार होता म्हणून किचनच्या दारातूनच फोन लावला. ती सांगत होती की नळ आला नाही, टँकर बोलवावा लागेल. मागून जेनी ओरडली, "किरण!"

सुनंदा बोलता बोलता थांबली.

"कोण हाक मारून राह्यलं?"

मग मी सगळं सांगितलं. बोर्ड, जेनी, येस. आता ही फोन ठेवेल, किंवा तिला काहीतरी होईल, अशी मला खरंच भीती वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं ते हेच.

जेनीला वाटलं मला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली, आणखी मोठ्याने. "किरण!"

मी जागचा हललो नाही.

"उद्या बी याच टायमाले फोन करजा," सुनंदा म्हणाली. "अन् हाक आली की लगेच जाऊ नका. दोन-तीनदा मारू द्या तिले."

मित्रांनो, खाली भावपूर्ण वगैरे लिहू नका.

नुसतं किरण लिहा.

सुनंदा वाचणार आहे.