गजावरची खूण

गज चार बोटं वर राहिला.

मी तो बाहेर ओढला आणि पुन्हा बंदुकीच्या नळीत सोडला. या वेळी अगदी हळू, आत काही जागं होईल अशा भीतीने. पुन्हा तेवढाच. कानशीने पाडलेली खूण नळीच्या तोंडापासून चार बोटं वर. आई दारात उभी होती. तिने खूण पाहिली, जवळ आली आणि माझ्या हातून गज काढून घेतला.

"भरलेली हाय," ती म्हणाली.

बाबांना जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला होता, नागपूरकडची माणसं परत गेली होती आणि घरात आम्ही दोघी आणि कागदपत्रं उरली होती. बंदुकीचा परवाना बाबांच्या नावाचा, शेताच्या राखणीसाठी मिळालेला. माणूस गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. ठाण्यातल्या मुंशीने, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या हवालदाराने, मला खुर्ची दिली आणि सांगितलं की गजासकट आणा, रिकामी करून आणा. मी म्हटलं, रिकामीच आहे. तो म्हणाला, मॅडम, भरमार आहे, मोजून बघा.

भरमार म्हणजे तोंडाकडून ठासायची जुनी बंदूक. दारू, छर्रे, कागदाचा बोळा, सगळं नळीच्या तोंडातून गजाने दाबायचं. ती उघडून आत बघता येत नाही. गज आत सोडायचा, खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी. हे मला त्या सकाळी आईने सांगितलं. तोवर मी समजत होते की ती खूण दोरी बांधण्यासाठी आहे.

कारण आमच्या घरात गज बंदुकीबरोबर नसायचाच. तो गच्चीवर असायचा. मी चौथी पास झाले त्या वर्षीच्या हिवाळ्यात बाबांनी तो आईला दिला होता, मांस वाळवायला. डिसेंबर लागला की बाबा बोकडाचं मांस आणायचे, रेषांच्या बाजूने बोटभर रुंद पट्ट्या कापायचे, मीठ, हळद, तिखट चोळायचे आणि एकेक पट्टी गजावर टाकायचे. वरून मलमलचं फडकं. वारा पोलादाच्या प्लांटकडून सुटला की लाल धूळ येते, तेव्हा आई पळत वर जाऊन गज दोन्ही हातांनी उचलून जिन्यात आणायची. आमच्या वसाहतीत, स्मृती नगरात, शेजारचे पापड वाळवायचे, आम्ही हे.

त्याला चान्या म्हणतात, पण आजोबांच्या घरात तो शब्द उच्चारायचा नाही. चान्या म्हणजे मेलेल्या जनावराचं मांस, आणि दीक्षा घेतली तेव्हाच आजोबांनी ते सोडलं होतं. बाबा मोठे होत होते तेव्हा शिकारीवर बंदी नव्हती. त्यांच्या मामाबरोबर रानात जाऊन त्यांनी पहिलं रानडुक्कर आणलं, आणि आजीने जुन्या सवयीने त्याच्या पट्ट्या कापल्या. आजोबा दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी ताटावर बसताना एवढंच म्हणाले की हे मारलेलं आहे, मेलेलं नाही. बाबा ही गोष्ट पुष्कळदा सांगायचे. पुढे कायदा आला, बाबा प्लांटात लागले, बंदूक फक्त शेतात आवाज करायला उरली.

आता ती दिवाणखान्यात चटईवर आडवी होती आणि आत काहीतरी ठासलेलं होतं. आईने घोडा पाहिला. त्याच्याखाली टोपी नव्हती, म्हणजे ठिणगी पडणार नव्हती. तरी तिने नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. गोष्टी जिथल्या तिथे लावणं हे माझं काम. त्या सकाळी चटईशेजारी बसून मी एक दुपार तशीच लावत होते आणि ती मला नको तिथेच बसत होती.

बाबा जायच्या आधीच्या आठवड्यातली दुपार. त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती, ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू असे. असं मशीनवर किती दिवस काढायचे, हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. त्या दुपारी ते म्हणाले, माळ्यावरची बंदूक काढून दे, पुसायची आहे. मी दिली. तेल आणि चिंध्यांची पिशवी दिली. त्याच पिशवीत दारूची डबी होती. मग त्यांनी गज मागितला. मी गच्चीवर गेले, अर्धवट वाळलेल्या पट्ट्या कपड्यांच्या तारेवर चिमट्यांनी लावल्या, गज पुसला आणि तोही आणून त्यांच्या हातात दिला. आई आतल्या खोलीत झोपली होती. मी दुपारच्या पाळीला शाळेत गेले.

परत आले तेव्हा बंदूक बिछान्याला टेकलेली होती, गज भिंतीशी. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी बंदूक उचलायला वाकले तर न वळता म्हणाले, "हिले हात लावू नको."

आवाजात राग नव्हता. असता तर मी विचारलं असतं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि ते परत आले नाहीत. घर पाहुण्यांनी भरायच्या आत मीच ती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. पुण्यानुमोदनाला सगळ्यांबरोबर पहिलं शील म्हटलं, जीवहत्येपासून दूर राहण्याचं, तेव्हा ती माझ्या डोक्यावरच होती.

"तू कावून अशी पाहून राहिली?" आईने विचारलं.

मी तिला ती दुपार सांगितली. दारूची डबी सांगितली, गज सांगितला. मग जे विचारायचं नव्हतं तेही विचारलं. "त्यांनी त्या दुपारी भरली असेल का? स्वतःसाठी?"

आई तांब्या घेऊन आली. "आधी पानी ओत," ती म्हणाली. "दारू भिजली का मेली. मंग बोलू."

आम्ही तांब्यातांब्याने नळीत पाणी भरलं आणि बंदूक न्हाणीत कोपऱ्याला उभी केली. दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवायची होती. तेवढा वेळ आई माझ्याशी भाजीबद्दल बोलली, वीजबिलाबद्दल बोलली. त्या गोष्टीबद्दल अक्षर नाही. आंघोळ आम्ही मागच्या नळावर केली. "आता न्हानीत बी तुह्ये बाबाच बसले," आई म्हणाली, आणि मला हसू आलं ते लगेच थांबवावं लागलं.

तिलाही माहीत नव्हतं. हे मला तेव्हा कळलं, आणि मग जास्त भीती वाटली. माहीत असतं तर तिने मला तसं ताटकळत ठेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या अंगणात बसलो. गजाच्या टोकाला बसणारा एक पेच तेलाच्या पिशवीत होता, अडकलेला बोळा ओढायला. आईने नळी गुडघ्यांत धरली, तोंड पेरूच्या झाडाकडे. मी गज आत सोडून फिरवू लागले. पेच कशात तरी रुतला. ओढला तर आला नाही. आई म्हणाली, दम धर, अजून दोन फेरे दे. मी दिले. मग काहीतरी सुटलं आणि गज हातभर मागे आला. टोकाला करड्या लगद्याचा गोळा होता. नळी कलती केल्यावर छर्रे परातीत पडले, मग आणखी एक बोळा, मग काळं पाणी.

मला छर्ऱ्यांचं काही कळत नाही. कागदाचं कळतं. वरचा बोळा मी पेचावरून काढून टीपकागदावर ठेवला. पावसात भिजलेली पुस्तकं आम्ही शाळेत अशीच वाचवतो: घाई करायची नाही, वरचं पाणी टिपू द्यायचं, मग पातळ पट्टीने कडेकडेने थर सोडवायचे. बाहेरचे थर हातातच विरघळले. हा कागद गेल्या महिन्यातल्या वर्तमानपत्राचा निघाला असता तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

सगळ्यात आतली घडी कोरडी असावी तशी उघडली. तपकिरी पडलेला, जाडसर, पाठ्यपुस्तकाचा कागद. छापलेल्या ओळीचं टोक: "ध्य प्रदेश". आणि कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने, माझ्याच वळणदार हट्टी अक्षरात, पु. क्र. ७.

नऊ वर्षांची असताना मी माझ्या सगळ्या पुस्तकांना क्रमांक दिले होते. सातवं चौथीचं हिंदीचं पुस्तक. पुढच्या वर्षी आमचा भाग मध्य प्रदेशातून वेगळा होऊन राज्य नवीन झालं, पुस्तकांवरचं नाव बदललं. पण त्याआधी, त्या हंगामात, आम्ही बाबांबरोबर शेतावर राहिलो होतो. डुकरांनी निम्मं धान लोळवलं होतं. मनाई असूनही बाबांनी छर्रे काढले आणि मला कागद मागितला. मी नाही म्हटलं. पास झालीस की आता, ते म्हणाले, आणि पहिलं पान मी स्वतः फाडून दिलं. सकाळी बांधावर मी त्यांच्या मागे बसले होते. समोर डुकरीण आली, मागे पिल्लं. बाबांनी नेम धरला. नुसतं खट् झालं. टोपी ओली होती, ते म्हणाले.

मी पान आईपुढे धरलं. तिला वाचायला चष्मा लागला नाही, निळी पेन्सिल तिला आठवत होती.

"टोपी ओली नवती," ती म्हणाली. "खिशात होती. त्याच दिवशी मले सांगतलं त्यायनं. पाच पिल्लं होती म्हने. उद्या रिकामी करतो म्हने." तिने पानाची कड बोटाने सरळ केली. "आन् आठ दिवसांनी बोकड घेऊन आले बाजारातून. मी चिडवलं, शिकारी आता पिशवी घेऊन जाते. मंग गज मलेच देऊन टाकला."

त्यानंतर ती बंदूक कोणी मोजली नव्हती. आधी राहायचो त्या मरोद्याच्या क्वार्टरात माझं अभ्यासाचं टेबल त्या माळ्याखाली होतं. घर बदललं तेव्हा टेम्पोत ती गादीत गुंडाळून माझ्या मांडीवर होती. आणि त्या दुपारी, श्वास पुरत नसताना, बाबांनी तिच्यात गज सोडला असेल आणि तो चार बोटं वर राहिलेला पाहिला असेल. पेच फिरवण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. सांगायची लाज वाटली असेल. त्यांनी जेवढं जमलं तेवढं सांगितलं होतं, आणि मी ते इतके दिवस दुसऱ्याच अर्थाने घेऊन फिरले.

आई उठली, परातीतले छर्रे तिने एका डबीत भरले आणि मग पेरूच्या झाडाशी उभी राहून पदराने डोळे पुसले. मी तिच्याजवळ गेले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, चाय ठेव.

ठाण्यात मुंशीने स्वतः गज नळीत सोडला. खूण तोंडाशी येऊन थांबली. त्याने बोटं नाकाशी नेली आणि हळद कसली म्हणून विचारलं. मी सांगितलं. बोकडाचं का, त्याने विचारलं, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी हो म्हटलं. त्याने नोंदवहीत लिहिलं: भरमार एक, गजासह, रिकामी. त्याखाली मी सही केली.

घरी आले तेव्हा आई गच्चीवर होती. भिंतीतल्या दोन खिळ्यांमध्ये तिने वेळूची काठी अडकवली होती आणि चिमट्यांवरच्या, महिनाभरात दगड झालेल्या पट्ट्या एकेक करून डब्यात टाकत होती.

"बसला का बराबर?" तिने न वळता विचारलं.

"बसला," मी म्हटलं. "खुणेपर्यंत."