आत्याची दाढ

आमच्या घराण्यात तऱ्हेवाईक माणसांचा कधीच तुटवडा नव्हता, पण सकाळच्या चहाआधी बकरीचा जबडा धुऊन गॅलरीत वाळत घालणारी एकच निघाली, आणि ती माझी सख्खी धाकटी आत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली. काका गेल्यावर नेरूळलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, दोन खोल्यांत एकटी राहते आणि जनावरांच्या दातांवरचे ओरखडे मोजते. जनावर जे चावतं त्याच्या बारीक खुणा दातावर उमटतात, त्या भिंगाखाली धरल्या की ते काय खात होतं ते कळतं म्हणे. हे तिनं मला चाळीस वेळा तरी समजावलं असेल. मी मान डोलावतो. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, न कळता मान डोलवायची सवय आहे.

आत्या शाकाहारी. अंड्याच्या केकलाही शिवत नाही. पण रविवारी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत पहिला नंबर तिचा. नुसता खालचा जबडा दे, दाढांना सुरी लावू नकोस, अशी तिची ऑर्डर. ही बाई करणी-बिरणी करते असं सोसायटीत मध्यंतरी पसरलं होतं, आणि वॉचमन अजूनही तिच्या दारावरून झपाझप जातो. जबडे राहतात फ्रीजमध्ये, दह्याशेजारी. माझ्या बायकोनं एकदा लिंबू शोधताना तो डबा उघडला. तेव्हापासून ती आत्याकडे पाणीसुद्धा उभ्या उभ्या पिते.

गल्लीतला दातांचा डॉक्टर कवळीचं माप घ्यायचा रबरासारखा लगदा तिला देतो. तो दाढेवर दाबायचा, साचा काढायचा, त्यात राळ ओतून दाढेची नक्कल करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मग मला हाक येते, बघ, काय दिसतंय? मला दर वेळी आमच्या सेक्टरमधला केबलसाठी खोदून ठेवलेला रस्ता दिसतो. लांब रेघा म्हणजे गवत, खड्डे म्हणजे बिया किंवा असलंच काही टणक, हे मी शेवटी पाठ केलं. एकदा रेघाच रेघा दिसल्या म्हणून ऐटीत सांगितलं, गवत. तर म्हणाली, छे, धूळही असेल, टॉवर बांधतायत ना मटणाच्या दुकानामागे, बकऱ्या तिथंच बांधलेल्या असतात, धुळीनंही रेघा पडतात. मग गवत कुठलं आणि धूळ कुठली हे ओळखायचं कसं? तेच तर शोधतेय, म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

जवळच्या सारसोळे गावातली एक कोळीण आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येते. तिच्या बकरीवर आत्याचा डोळा. जिवंत बकरी काय खाते हे टिपायला महिनाभर आत्या वही घेऊन तिच्या मागे हिंडली. एकदा मीही बरोबर होतो. कोळणीला हसू आवरेना. बाय, कशाला वही भरतेस, ती सगलाच खाते, परवा माजी चप्पल पन खाल्ली, असं ती म्हणाली. आत्यानं वहीत 'चप्पल' लिहिलं. मग कोळीण तिच्याकडे नीट बघत म्हणाली, "बकरीचा सोड. तू काय खातेस? काडी झाली हाय तुजी." आत्यानं वही मिटली आणि मला घरी चल म्हणाली.

ते मला लागलं. तिच्याकडे बघणारा आता मीच. रोज फोनवर विचारायचो, जेवलीस का? भाकरी, भाजी, कोशिंबीर, सगळं साग्रसंगीत, असं उत्तर यायचं. तरी ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. माझं डोकं चालेना. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही.

दिवाळीनंतर तिची एक दाढ हलायला लागली, काढावी लागली. ती रुमालात बांधून घेऊन आली, जशी काही प्रसादाची पुडी. दोन दिवसांनी नेहमीची हाक आली. मी डोळा लावला. रस्ता नव्हता. रेघा नाहीत, खड्डे नाहीत, सगळं गुळगुळीत. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. काच पुसली, चष्मा पुसला, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवला.

"आत्या, यावर काहीच नाही गं."

दातावर शेवटच्या काही आठवड्यांचंच राहतं, जुनं झिजून जातं, असं ती वर्गात सांगितल्यासारखं म्हणाली. वर म्हणाली, हलत होती ना, त्या बाजूनं चावतच नव्हते.

आयुष्यात पहिल्यांदा मी मान डोलावली नाही. लगद्याचा डबा उचलला.

"मग दुसऱ्या बाजूचा साचा घेऊ. तोंड उघड."

तिनं तोंड उघडलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. परात उपडी, तवा कोरडा, ओट्यावर एवढंसं पातेलं, त्यात मऊ दूधभात. सकाळचाही तोच असावा. मागून आत्या आली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "एकटीसाठी कोण भाकऱ्या थापतं रे?"

मला रडू आलं. जगातल्या बकऱ्यांचं जेवण शोधणाऱ्या माझ्या आत्याचं जेवण मला फोनवरून कळत होतं.

आता ती रोज आमच्याकडे जेवते. माझी बायको ज्वारीच्या भाकऱ्या करते, अट एकच, जबडे तिकडे. भाकरीतली चक्कीच्या दगडाची कच दातावर रेघा उठवते, असं आत्या जेवताना सांगते आणि बायको हताशपणे माझ्याकडे बघते. परवा आत्यानं दुसऱ्या बाजूच्या दाढेचा साचा आपण होऊन दिला. मी बराच वेळ डोळा लावून बसलो होतो. रेघा होत्या, भरपूर. त्यात भाकरी कुठली आणि नेरूळची धूळ कुठली हे मला अजूनही कळत नाही. मी सगळ्यांना भाकरीच म्हणतो.