शुद्धीवर आल्याची खूण

लग्नात आहेर नको म्हटलं तरी येतोच, तसे दवाखान्यात किस्से! मागायला जावं लागत नाही. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्चीवर नुसतं बसायचं, पदरात पडत राहतात. आमच्या ह्यांच्या पोटातली गाठ काढायची होती. तपासण्या सुरू होत्या, तोवर माझा मुक्काम त्या खुर्चीवर. तिथंच वैशाली सिस्टरशी दोस्ती झाली. आत काय चाललंय ते बाहेर येऊन घरच्यांना सांगायचं, हे तिचं काम.

भरती करताना काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "आजी, पेशंटचं नाव?"

म्हटलं, "राजूचे बाबा."

"अवं आजी, असं नाव असते का?"

"आमच्या घरी तं हेच चालते!"

शेवटी माझ्या राजूनंच नाव सांगितलं. अख्खी लाईन हसली. हसो बापडी! आमच्यात नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं ते लग्नाच्या उखाण्यात, एकदाच.

*

कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा एक गडी हर्नियासाठी आला. सिस्टरनं बजावलं, "रात्रीपासून काही खायचं नाही." सकाळी पाहते तं गालात तंबाखूचा खर्रा!

"काहून गा? खायचं नाही म्हटलं होतं ना?"

"खाल्ला कुठं मॅडम? मी तं थुंकून राहिलो!"

ऑपरेशन पुढं ढकललं. त्याच्या बायकोनं त्याला जे धुतलं, ते ऐकायला दुसऱ्या वॉर्डातले लोक आले! तेव्हापासून सिस्टर सांगते, "अन्न नाही, पाणी नाही, चहा नाही, प्रसाद नाही, अन् खर्रा तं थुंकायचा बी नाही!"

*

रामटेककडचं एक धानवालं कुटुंब. म्हाताऱ्या बापाचं ऑपरेशन, अन् सोबत अर्धं गाव. सिस्टरनं जावयाला सांगितलं, "सगळं चांगलं चाललंय, थोडा वेळ लागेल." जावयानं मेहुण्याला सांगितलं, "वेळ लागेल." मेहुण्यानं फोनवर सांगितलं, "लय वेळ लागून राहिला." तिकडं घरी बायका रडायलाच बसल्या!

सिस्टरला कळलं. तिनं सगळ्यांना उभं केलं, फोन चालू ठेवायला लावला. "म्हणा माझ्यासंग! टाके पडून राहिले! बाबा बरे आहेत!" पागोटेवाले म्हातारेसुद्धा शाळेतल्या पोरांसारखे ओरडले.

आतून डॉक्टरांनी डोकं काढलं, "बाहेर कवायत चालू आहे का?"

*

भुलेतून उठलेल्या माणसाला सिस्टर काहीतरी विचारते, डोकं ठिकाणावर आलं का पाहायला. एका म्हातारीला विचारलं, "आजी, आज कोणता वार?"

"बाई, मले तं घरी बी माहीत नसते!"

तेव्हापासून ती प्रश्न घरच्यांकडूनच घेते, अन् उत्तर बाहेर आणून देते. नुसतं 'शुद्धीवर आले' म्हटलं तं लोकांचा विश्वास बसत नाही ना! मनीषनगरच्या एका सुनेनं प्रश्न दिला, "सासूबाईंना विचारा, कपाटाची चाबी कुठं आहे?"

सिस्टर हसतच बाहेर आली. "त्या म्हणतात, सुनेनं विचारलं ना? सांग तिले, मी घरी आली की पाहू!"

सून म्हणे, "आल्या शुद्धीवर. पुऱ्या आल्या!"

*

मग आमच्या ह्यांचा दिवस आला. शेजारच्या खुर्चीवरची बाई सकाळीच मला सांगून राहिली होती, "माझे सासरे भुलेतून उठले अन् आपल्या पोरालेच म्हणे, तुम्ही कोण? म्हातारपणी होते वं असं."

झालं! गाठ तं डॉक्टर काढतील. पण उठल्यावर ह्यांनी मलाच ओळखलं नाही तं? राजू म्हणे, "माय, डबा खाऊन घे." मी झाकणाला हात लावला नाही.

सिस्टर आत जाताना थांबली. "आजी, काय विचारू बाबांना?" म्हटलं, "तूच विचार वं काहीबी." "बरं," ती म्हणाली, "तुमचं नावच विचारते."

मधे एकदा येऊन सांगून गेली, "गाठ निघाली, आजी. पुरी निघाली." राजूनं डोळे पुसले. मी दाराकडेच पाहत राहिले.

मग ती पुन्हा आली. या वेळी हसत नव्हती. माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला.

"आजी, बाबा उठले. डॉक्टरांना राम राम केला. पाणी मागून राहिले. पण..."

"पण काय वं?"

"बायकोचं नाव काय विचारलं, तं म्हणतात, राजूची माय. मी म्हटलं, बाबा, नाव सांगा ना. पुन्हा तेच. पुन्हा विचारलं तं माझ्यावरच खेकसले, 'राजूची माय म्हटलं ना एकदा!' नाव काही आठवत नाही त्यांना."

शेजारच्या बाईनं कपाळाला हात लावला.

मी डबा उघडला.

"बस वं पोरी," मी सिस्टरला म्हटलं. "तू बी सकाळपासून उपाशीच असशील."