निळे जिंकावेत म्हणून

आमच्या ह्यांनी एकेचाळीस वर्षं कापड कापलं. युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता, तिथे हे कटिंग मास्तर. शाळेतली मुलं, दवाखान्यातल्या नर्सबाया, गेटावरचे पहारेकरी, सगळ्यांचे कपडे ह्यांच्या कात्रीखालून गेले. माणूस समोर आला की हे आधी त्याचे खांदे बघायचे, तोंड नंतर. माझा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे हे मला ह्यांच्याकडूनच कळलं, तेही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

एरवी तोंडात मूग. पण फुटबॉलचा विषय निघाला की ह्यांना आवरणं माझ्या हातात नव्हतं. लीगचे सामने संपून वरचे आठ संघ बाद फेरीत गेले, की कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलाभोवती एकच वाद. यंदा सगळ्यात भारी कोण? आणि नियम असा, की एकदा बाजू घेतली की तो संघ बाद होईपर्यंत सोडायची नाही. संघांना नावानं कोणी हाक मारायचं नाही. शिंपीच ते, जर्सीच्या रंगानं ओळखायचे. ह्यांचे हिरवे. काजं करणारा एक होता, ह्यांचा जुना दोस्त, त्याचे पट्टेवाले.

"पट्टेवाल्यांचा बचाव म्हणजे कच्चा टाका," हे म्हणायचे. "एक ओढ बसली की उसवला."

"आणि तुमचे हिरवे? उरलेल्या चिंध्यांचं पायपुसणं," काजवाला म्हणायचा. "पाय पुसतात सगळे, मास्तर, पण कौतुक कोणी करत नाही."

आमच्या मुलानं कळायला लागल्यापासून निळे धरले. बापाला विरोध, दुसरं कारण नाही. पुढे तो नोकरीला लांब गेला, गाडीनं दीड दिवसाची वाट. दर रविवारी फोन यायचा. ह्यांनी कधी "कसा आहेस" म्हणून विचारलं नाही. एकदम सुरुवात, "तुझ्या निळ्यांचं काय चाललंय?" मग पाऊण तास शब्दाला शब्द. बाकीचं त्यातूनच वेचायचं. "शनिवारचा सामना नाही बघितला बाबा, पोरीला ताप होता," असं तो म्हणाला, की आम्हाला कळायचं नात आजारी होती. नवीन टीव्हीवर गोल नीट दिसतो म्हणाला, म्हणजे पगार वाढला. मी शेजारी बसून भाजी निवडायची आणि ऐकायचं. ऑफसाईड म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही, पण मुलाच्या घरातलं सगळं कळत होतं.

त्या वर्षी ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर तरुण होता, बोलताना कागदाकडे बघत होता. दोन महिने म्हणाला, फार तर अडीच. बाहेर येऊन आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हटलं, आज मुलाला कळवते.

"नाही कळवायचं."

"अहो, असं कसं?"

मग ह्यांनी मला जे सांगितलं ते तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. ह्यांचे वडील शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा ह्यांना निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. नऊ दिवस बापाच्या उशाशी बसले. एक शब्द सुचला नाही, ना ह्यांना ना त्यांना. दोघं औषधाच्या बाटल्यांकडे बघत बसायचे. "असा घाबरवून आणायचा नाही त्याला," हे म्हणाले. "यायचा तर हसत येऊ दे. भांडायला येऊ दे." माझ्या हातावर हात ठेवून वचन घेतलं. मी दिलं. तीच माझी चूक, पण त्या बाकावर दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

यायचं निमित्त ह्यांनी मनात धरलं होतं. अंतिम सामना त्या वर्षी आमच्याच गावच्या मैदानावर होता. निळे त्या वर्षी पहिल्या नंबरावर होते. रविवारी ह्यांनी फोनवर मुद्दाम काडी टाकली.

"पहिला नंबर काय करायचाय? लीगमध्ये कुणीही धावतं. बाद फेरीला दुसरी फळी लागते. तुझ्या निळ्यांचे राखीव खेळाडू म्हणजे बाकावर वाळत घातलेले कपडे."

"बाबा, अकरा सामने सलग जिंकलेत. तीन-तीन गोल मारणारे आहेत."

"मारणारे तीन, अडवणारा एक नाही. फायनलचं तोंड बघत नाहीत."

"आले तर?"

"आले तर काय?"

"आले तर आठ दिवसांची सुट्टी काढतो. तिकिटं काढतो, तुम्हाला मैदानावर शेजारी बसवतो आणि सगळ्यांसमोर कबूल करायला लावतो, की निळे भारी."

"आधी येऊ दे तर," हे म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून हसले. त्या दुखण्यात इतकं हसलेले मी पाहिले नव्हते. "आठ दिवस म्हणाला बघ," म्हणाले.

तर असा हा माणूस, जन्मभर हिरव्यांचा, आता निळ्यांसाठी जीव टांगून बसला. निळ्यांनी पहिला सामना चार गोलांनी जिंकला. हिरवे बाद होतील असं ह्यांना वाटलं होतं, म्हणजे निळ्यांची बाजू घ्यायला वाट मोकळी. ते कसले होतात. रडतखडत, पेनल्टीवर, जिंकले. आणि उपांत्य सामना पडला तो निळे विरुद्ध हिरवे.

सामना दुपारचा होता. कारखान्यातली चार माणसं आणि काजवाला आमच्याकडे बघायला आली. ह्यांना उशा लावून बसवलं होतं. हिरव्यांच्या सामन्याला हे हिरवी जर्सी घालून बसायचे, स्वतः शिवलेली, काखेत जरा सैल. त्या दिवशी मी ती काढून दिली तर म्हणाले, राहू दे, साधा शर्ट दे.

"मास्तर, हिरवं कुठाय?" काजवाल्यानं विचारलं.

"धुवायला टाकलंय."

जर्सी कपाटात घडी करून होती. मी चहा गाळायला आत गेले.

निळे काय खेळत होते. मला कळत नाही तरी कळत होतं. एक चेंडू खांबाला लागून परत आला तेव्हा ह्यांच्या तोंडून "अरेरे" गेलं. काजवाला म्हणाला, "मास्तर, खांबानं वाचवलं तुम्हाला, आणि अरेरे काय म्हणता?"

"पोटात कळ आली," हे म्हणाले.

दहा मिनिटं उरली आणि हिरव्यांना कॉर्नर मिळाला. हिरव्यांच्या बचावात राखीवांतून नुकताच उतरवलेला एक उंचाडा होता, ह्यांनी दहा वर्षं त्याला 'शिडी' म्हणून हिणवला होता. त्या शिडीनं डोकं लावलं आणि चेंडू आत. चौघंही उठून नाचायला लागले. काजवाल्यानं ह्यांचे दोन्ही हात धरून हलवले. "जिंकलात मास्तर! दुसरी फळी, दुसरी फळी म्हणत होतात, खरं केलंत." हे हसत होते. हात त्याच्या हातात तसेच सोडून दिले होते.

सगळे गेले आणि फोन आला.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. आवाज रडवेला, पण चेष्टेत.

"तुझ्या निळ्यांना दम नाही. पहिल्यापासून सांगत होतो."

"सुट्टीचा अर्ज उद्या मागे घेतो. पुढच्या वर्षी बघू, बाबा. पुढच्या वर्षी सोडत नाही तुम्हाला."

"बघू की."

मी फोनसाठी हात पुढे केला. ह्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दिला. मी कानाला लावला. "जेवलास का?" विचारलं. तो हो म्हणाला. वचन दिलेलं बाईमाणूस तेवढंच विचारू शकतं. ठेवल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ते मापातले खांदे, नुसती हाडं उरली होती.

पाचव्या दिवशी सकाळी हे गेले. डॉक्टरनं दिलेले दोन महिनेसुद्धा पुरे झाले नाहीत.

मुलगा आला तेव्हा सगळं उरकलं होतं. सुट्टी आठच दिवसांची मिळाली. माझ्यावर रागावला, का कळवलं नाही म्हणून, मग रागावलो म्हणून रडला. अंतिम सामन्याच्या दिवशी आम्ही दोघं खोलीत बसलो होतो. मैदान लांब नाही, लोकांचा गलका खिडकीतून आत येत होता. कोण जिंकतंय हे आम्हाला माहीत नव्हतं आणि बघायलाही कुणी उठलं नाही.

"आई," तो म्हणाला, "शेवटचा सामना तरी त्यांच्या मनासारखा झाला ना? खूश होते ना बाबा?"

त्याला तेवढाच एक आधार होता. तो काढून घ्यायला मला जमलं नाही.

"खूश होते," मी म्हटलं. "लहान मुलासारखे."

"मी फोनवर जरा तोडून बोललो."

"नाही रे. त्यांना काही वाटलं नाही."

त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. बाहेर परत गलका झाला, मोठा, कुणीतरी गोल केला असणार.