सात बुचांचा तलाव

१२ जानेवारी, सोमवार, सकाळी साडेअकरा. रक्कम साठ हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याच्या गेम कंपनीतली मुलगी. वयानं ती माझ्या निम्मी, कामात माझी साहेब.

एकोणीस वर्षं मी गोंदियात राइस मिलचा हिशेब लिहिला. सेहेचाळिसाव्या वर्षी ती नोकरी सोडून सौंदडजवळच्या आमच्या गावी आलो आणि व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढू लागलो. गेम बनण्याआधी त्यातली जागा कशी दिसेल, वस्तू कशा असतील, हे कुणीतरी कल्पनेनं काढून द्यावं लागतं. दोन वर्षं मी सुटे कंदील, घागरी, पेट्या काढल्या. आता पहिल्यांदा अख्खी लेव्हल मिळाली होती: तलावात बुडालेलं एक नगर. मंजूर झाली तर पुढच्या चार लेव्हलही माझ्याच. नाही झाली तर मिलमध्ये परत जायचं, असं मी बायकोला कबूल केलं होतं. तिनं भावाला सांगून तिथली जागा धरूनही ठेवली होती.

मी नगर मन लावून काढलं होतं. मोहफुलांसारखे दिवे, माशाच्या काट्यासारखी नाव, शिंगांचा दरवाजा. सवयीप्रमाणे प्रत्येकाशेजारी मापही लिहिलं होतं. दिवा नऊ इंच, तलावाची पाळ, म्हणजे बांध, बावीस फूट.

"काका, दिसायला सुंदर आहे," ती म्हणाली, "पण खेळणारा इथे येऊन करणार काय? आपला नायक चार फूट उडी मारतो. पाळीवर उभा राहून नुसतं पाणी बघणार?"

आठ दिवसांची मुदत मिळाली. लॅपटॉप बंद झाल्यावर बायको म्हणाली, "तुमी गेम काढून राहिले का सातबारा? दिव्याचे इंच कोन मोजते?"

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गावच्या तलावावर गेलो. शेतांना पाणी सोडणारे बाबाजी पाळीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं.

"टेप घेऊन काऊन फिरून राहिला, बापू? तलाव इकत घेतं का?"

मी अडचण सांगितली. गेम म्हणजे काय ते त्यांनी विचारलंही नाही. मला तुडुमाजवळ नेलं. तुडूम म्हणजे पाळीला लागून पाण्यात उभा असलेला दगडी खांब. त्याला एकाखाली एक सात भोकं, प्रत्येकात लाकडी बूच.

"पहिले वरचा काढाचा. पानी तेवढंच उतरते. मंग त्याच्या खालचा. पहिलेच खालचा काढशील तं पान्याच्या जोरानं हात मोडन."

मी दोन बुचांमधलं अंतर मोजलं. दीड फूट. सात बुचं म्हणजे सहा अंतरं, म्हणजे नऊ फूट. तिथंच पाळीवर बसून वहीत सात आडव्या रेघा मारल्या. पहिलं बूच काढलं की देवळाचा कळस उघडा पडेल. दुसऱ्याला छपरं, तिसऱ्याला नाव, आणि चौथं बूच काढायला तिच्यावरून तुडुमावर उडी. सातव्याला शिंगांचा दरवाजा. घाई करून खालचं बूच आधी ओढणारा वाहून जाईल.

२० तारखेला सात पातळ्यांची सात चित्रं दाखवली. त्या मुलीनं सातही एकेक करून पाहिली. मग खुर्चीतून उठून ओरडली, "अरे, सगळे इकडे या!" पडद्यावर पाच तोंडं गोळा झाली. एकानं विचारलं, नावेपासून तुडूम किती लांब? मी म्हणालो, तीन फूट नऊ इंच. तीन इंच शिल्लक ठेवलेत.

"काका, एकही माप पुसू नका," ती म्हणाली. "आम्ही ह्याच आकड्यांवर बांधणार. मंजूर! पुढच्या चारही तुमच्याच."

बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"मंग भावाले सांगू, जागा दुसऱ्याले दे म्हनून?"

"आत्ताच सांग."

"आन् दिव्याचे नऊ इंच?"

"तेही मोजले त्यांनी."

ती तोंडाला पदर लावून हसली आणि फोन घेऊन आत गेली.

९ फेब्रुवारीला पैसे जमा झाले. साठ हजारांतून सहा हजार कर कापला गेला, हाती चोपन्न हजार. त्याच दुपारी पाळीवर गेलो आणि बाबाजींच्या हातावर सात हजार ठेवले.

"हे कायचे?"

"एका बुचाचे एक हजार."

त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. बरोबर सात हजार होते.