हिच्या नावाचं दुकान

रामघाटच्या गल्लीतला कंप्युटरवाला माणसाकडे बघून बोलत नाही. मशीनला मात्र सासूनं सुनेला बोलावं तसं टोचून बोलतो.

माझी बायको गेली, तिचं बँकखातं बंद झालं आणि तिच्या फुलवातींच्या ऑनलाइन दुकानात पैसे येईनात. मी त्याला म्हणालो, "काढून टाक दुकान."

"हटवायचं कशाला, काका? कार्डवाले कमिशन खातील, माल घरी पोचल्यावर रोख घ्यायची म्हटलं तर माल परत येतो. क्यूआर लावू. पैसे तुमच्या खात्यात, नाव काकूंचंच दिसेल."

"आणि वाती कोण वळणार?"

"तुमचे हात काय भाड्यानं दिलेत?"

क्यूआर चालतो का बघायला पहिलं पाकीट त्यानंच घेतलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या वाती वाकड्याच झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर मशीनकडे बघतच म्हणाला, "आईनं लावल्या. पेटल्या की."