म्हणजे साहेब, तुमचं म्हणणं असं

डोळ्यांच्या दवाखान्यात चौदा वर्षं चौकशीच्या खिडकीत बसल्या म्हणून सगळे त्यांना खिडकीवाल्या बाई म्हणत. खिडकी गेली तरी नाव तेच राहिलं, आणि त्यांना तेच जास्त झोंबे.

खिडकी गेली ती व्यवस्थापक साहेबांमुळे. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एक हुकूम धड दिला नव्हता. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "बघून घ्या." काम झालं तर श्रेय साहेबांचं, फसलं तर बघणाऱ्याचं. एकदा मोठे डॉक्टर परगावी जाणार होते. शस्त्रक्रियेच्या यादीतल्या लोकांना थांबवायचं का, असं बाईंनी विचारलं, तर साहेब म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरांशी बोलतो मी. बघून घ्या." बाईंनी लोकांना येऊ दिलं. डॉक्टर काही आले नाहीत, आणि एकतीस म्हातारी माणसं दिवसभर पायऱ्यांवर बसून राहिली. विश्वस्तांनी जाब विचारल्यावर साहेबांनी सरळ हात वर केले.

"या बाईंना माणसांपुढे बसवणं म्हणजे बहिऱ्याला पहाऱ्याला बसवणं," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. बाई तळघरातल्या जुन्या कागदांत गेल्या. वर दर सोमवारच्या बैठकीचं टिपण लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

"माफ करून टाक गं," थोरली बहीण म्हणाली.

"त्याने आधी माफी मागायला नको का, ताई?"

त्याच आठवड्यात बाईंनी कॉलेजात संवादाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातलं. भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवस्थापन अशा चार विभागांनी मिळून तो काढला होता. चार जावांनी केलेला स्वयंपाक जसा, तसा तो होता. मीठ दुसरीने घातलंय, असं प्रत्येकीला वाटायचं. पहिल्या दिवशी मुलांनी येण्याची कारणं सांगितली. कुणाला नोकरी हवी होती, कुणाला चारचौघांत बोलायची भीती होती. बाई म्हणाल्या, "मला एका माणसाचं उट्टं काढायचंय." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

तीन महिने हाती काही लागलं नाही. मग मानसशास्त्राच्या मॅडमनी ऐकण्याचा सराव घेतला. समोरचा बोलला की त्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, 'म्हणजे तुमचं म्हणणं असं की', आणि तो हो म्हणेपर्यंत थांबायचं. याने माणसं जवळ येतात, असं मॅडम म्हणाल्या.

"आणि आपण काय बोललो ते कुणाला कळूच नये, असं समोरच्याला वाटत असेल तर?" बाईंनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "मग त्याला फार त्रास होईल."

बाईंनी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

तोवर टिपणात 'विषयावर चर्चा झाली' एवढंच असे. पुढच्या सोमवारी साहेब औषधांबद्दल बघून घ्या म्हणाले, तेव्हा बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे साहेब, तुमचं म्हणणं असं की मागणी आजच पाठवायची. लिहू?"

"तसं नाही हो."

"म्हणजे पाठवायची नाही. लिहू?"

साहेबांना खोकला आला. दर सोमवारी तो येऊ लागला. महिन्याभरात नर्सबाईही 'म्हणजे साहेब' म्हणायला लागल्या, आणि बाईंच्या जिवाला बऱ्याच दिवसांनी गार वाटलं.

मग मोठे डॉक्टर पुन्हा परगावी निघाले. बाई या घडीची वाटच पाहत होत्या.

"यादीतल्यांना थांबवायचं का साहेब?"

"बघून घ्या."

"म्हणजे ते मी ठरवायचं?"

"नाही, नाही. येऊ द्या त्यांना. दुसरे डॉक्टर मी आणतो."

"लिहू?"

"लिहा," साहेब वैतागून म्हणाले.

साहेब विसरणार, हे बाईंना ठाऊक होतं. आठवण करायला एक फोन पुरला असता. तो त्यांनी केला नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सव्वीस जण पायऱ्यांवर बसले आणि बाई तळघरातून वर आल्या नाहीत.

विश्वस्तांपुढे टिपण मोठ्याने वाचलं गेलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते बाईंकडे झुकून पुटपुटले, "बाई, जरा बघून घ्या ना."

"म्हणजे साहेब," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तुमचं म्हणणं असं की चूक तुमची, आणि ती मी झाकायची. लिहू?"

बाईंनी लिहिलं, 'साहेब काही बोलले नाहीत.' इतकं सुबक अक्षर त्यांनी जन्मात काढलं नव्हतं.

साहेबांची नोकरी गेली, बाईंना खिडकी परत मिळाली. पहिल्याच सकाळी एक आजी काठी टेकत समोर आली. तिच्या डोळ्यात अजून मोतीबिंदू तसाच होता.

"बरं झालं बाई, तुम्ही आलात. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत पायरीवर होते. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही आम्हाला असं बसू दिलं नसतंत."

बाईंनी यादी पुढे ओढली आणि आजीचं नाव सगळ्यात वर घातलं. तिचं म्हणणं मात्र त्यांनी परत म्हणून दाखवलं नाही.